मावंद्याचं पाणी

गाडीतून उतरून महिपतीनं पिशवी फलाटावर ठेवली न ठेवली तोच त्याची थोरली बहीण वाकली, त्याच्या पायाला हात लावला आणि तो हात तिनं आपल्या कपाळाला टेकवला. सत्तरीची बाई. त्याला काखेला मारून वाढवलेली, त्याचं नाक पुसलेली, शाळा बुडवली म्हणून मोडनिंबच्या बाजारातून कानाला धरून मास्तरांपुढे नेऊन उभा केलेली. तो पाय मागं घ्यायला गेला तर मागं पिशवी होती, त्यामुळं नुसताच डगमगला. "अगं आक्का," एवढंच म्हणाला. "पडू दे," बजाबाई म्हणाली, "काशी करून आलेल्या मान्साच्या पाया थोरल्यानं बी पडायचं असतंय." मग महिपतीचा मुलगा अभिमन्यू पाया पडला, सून अंकिता पडली, आणि शेजारून डोक्यावर बोचकं घेऊन चाललेला कोण कुठला म्हातारा, त्यानंही काशीचं नाव ऐकून बोचकं खाली ठेवलं आणि पदरात पुण्य पाडून घेतलं. अंकितानं झेंडूचा हार घातला. "रविवारी मावंदं ठरवलंय, मामा," ती म्हणाली, "चाळीस माणसं जेवायला सांगून झालीत."

महिपती काशीला गेलेला नव्हता. तो अंदमानात गेला होता. त्यातही नील नावाच्या एका लहानशा बेटावर, एकटाच, आणि पाच दिवस तिथं राहून आला होता. रिक्षात हार मांडीवर घेऊन बसल्यावर आपण खोटं नेमकं कधी बोललो हे त्यानं आठवून पाहिलं, तर तसं कुठं सापडेना. खोटं बोलणं हा त्याचा स्वभाव नव्हता. न बोलणं हा होता, आणि त्यात तो पटाईत होता. महिन्यापूर्वी जेवताना तो एवढंच म्हणाला होता, की आठ-दहा दिवस लांब कुठं तरी जाऊन यावं म्हणतो. "कुठं, मामा?" अंकितानं विचारलं. त्याच्या तोंडात भाकरीचा घास होता. तो गिळेपर्यंत बजाबाई, जी डोळे तपासायला म्हणून गावाहून आलेली होती, म्हणाली, "काशीला चाललाय. आनि कुटं. शालनच्या मागं कुनीतरी जायाला पायजेच की." शालन ही त्याची बायको. तिला जाऊन दोन वर्षं झाली होती. एकसष्ट वर्षांचा, बायको गेलेला माणूस एक पिशवी घेऊन लांब निघाला तर तो काशीलाच जाणार, ह्यात त्या घरात कुणाला शंका घेण्यासारखं काही वाटलं नाही. घास गिळून झाला तेव्हा बोलणं मावंद्याला कुणाकुणाला सांगायचं इथवर पोचलं होतं. मध्येच आता बेट कुठं काढायचं, म्हणून त्यानं दुसरा घास घेतला.

बेटाचं वेड त्याला निळ्या पाण्याच्या फोटोंनी लावलेलं नव्हतं. तो एकतीस वर्षं पाणीपुरवठ्यात चावीवाला होता. चार-पाच दिवसांनी एकदा नळ येणाऱ्या ह्या गावात, कमरेइतकी उंच लोखंडी चावी घेऊन सायकलवरून हिंडायचं, रस्त्यातल्या चेंबरचं झाकण उचलायचं, व्हॉल्व फिरवायचा आणि एका गल्लीचं पाणी बंद करून दुसरीचं सोडायचं, हे त्याचं काम. रेवणसिद्ध म्हणून त्याच्याच खात्यातला एक जण बायकापोरं घेऊन अंदमानला जाऊन आला. सगळ्यांना फोटो दाखवून झाल्यावर तो म्हणाला, "चारी अंगाला पानी हाय बग, आन् लॉजच्या नळाला दिवसाआड." बाकीचे हसले. महिपतीला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. त्याला ते बघायचं होतं. इतकं पाणी, आणि तरी माणूस रिकामी बादली घेऊन उभा. निवृत्त झाला, शालन आजारी पडली, गेली, वर्षश्राद्ध झालं, आणखी एक वर्ष गेलं, तरी ते डोक्यातून जाईना. शेवटी रेवणसिद्धाच्या पोराकडून त्यानं तिकिटं काढून घेतली आणि सोलापूरहून मद्रासची गाडी धरली. चेन्नई म्हणायची त्याला अजून सवय झालेली नाही.

घरी आल्यावर गल्लीतली माणसं दर्शनाला यायला लागली. पूर्वभागातली गल्ली, निम्मी तेलुगू विणकरांची घरं, दोन्हीकडून मागांची खटखट. बाया येत, वाकत, आणि हटकून एकच विचारत, "काशीला काय सोडलं?" काशीला गेलं की आवडीचं काहीतरी कायमचं सोडून यायचं असतं, हे महिपती साफ विसरला होता. पहिल्यांदा विचारलं तेव्हा अंकिता समोर मंडईची पिशवी रिकामी करत होती. "वांगं," तो म्हणाला. वांग्यावर त्याचा जीव. संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला कळलं की चावीवाल्यानं वांगं सोडलं, आणि पार हळहळ झाली. ताटाला बसल्यावर अभिमन्यूच्या ताटात भरलं वांगं पडलं आणि त्याच्या ताटात डाळ. त्यानं डाळ मुकाट खाल्ली. खाता खाता त्याला लॉजवाल्या बंगाली बाईनं पहिल्या दिवशी आणून ठेवलेला चहा आठवला. दोन कप होते. "अकेले आए हो?" तिनं विचारलं होतं, आणि तो पटकन म्हणून गेला होता, "पीछे से आ रही है." का म्हणाला कुणास ठाऊक. बाईनं दुसरा कप आणला, दुसरी उशी आणली. दोन्ही कप त्यानंच प्यायले. दुसऱ्या दिवशी बाईनं काही विचारलं नाही, नुसता एकच कप आणला, आणि महिपतीला ती फार शहाणी बाई वाटली.

शालनला आपण पाण्याची वेळ कधी सांगितली नाही, हे त्याला तिथं बेटावर आठवायला लागलं होतं. पहिले दोन दिवस तर दुसरं काही सुचतच नव्हतं. नोकरीला लागल्या लागल्या कुणीतरी तक्रार केली होती की चावीवाला आपल्या गल्लीला जास्त पाणी सोडतो. तेव्हापासून त्यानं तोंडाला कुलूप घातलं. कुठली गल्ली कधी, कुणाला म्हणून सांगायचं नाही, घरात सुद्धा. बाया शालनला विचारत, तुला ठाऊक असणार की, तुझाच माणूस, आणि शालन खरं सांगे की मला ठाऊक नाही, आणि कुणाचा विश्वास बसत नसे. तो स्वतः कोपऱ्यावरच्या चेंबरमध्ये चावी फिरवी, पाणी सुटे, आणि सगळ्या बायांबरोबर त्याची बायकोही हातातलं पीठ तसंच घेऊन घागरीकडं धावे. लांबून ते बघताना त्याला बरं वाटे. आपण सच्चे आहोत असं वाटे. एकदा ती न्हाणीतून तशीच ओल्या केसांनी बाहेर आली होती, आणि त्याच्याकडं एकदा बघून तिनं घागर नळाखाली लावली होती. बेटावर लॉजच्या भिंतीला खडूनं भरती-ओहोटीच्या वेळा लिहिलेल्या असत, रोजच्या रोज, येईल त्याला वाचता याव्यात अशा मोठ्या अक्षरांत. पहिल्या दिवशी त्यानं त्या दोनदा वाचल्या होत्या.

गुरुवारी दुपारी समोरच्या घरातून पार्वतम्माचा निरोप आला. ऐंशीच्या पुढची बाई, जन्मभर मांडीवर सूप घेऊन विड्या वळलेली. आता सहा महिने अंथरुणाला खिळली होती. शालन आणि ती नळावरच्या मैत्रिणी. तो गेला, तर तिनं त्याचा हात धरून छातीवर ठेवला. तिचा हात हलका लागत होता, वाळलेल्या पानासारखा. "आमच्या यजमानाला शेवटी गंगा मिळाली नाही की," ती म्हणाली. "साधं नळाचं पाणी घातलं तोंडात. ते पण शिळं. तू मला चमचाभर दे. उशाला ठेवते. वेळ आली की सून घालेल." "देतो, अम्मा," तो म्हणाला. चाळीस माणसं जेवून जातील, वाकतील, उठतील, त्यांचं काही नव्हतं. पण मरताना तोंडात घालायचं पाणी म्हटल्यावर आपल्या आत काहीतरी अडकलं आहे हे त्याला कळलं. ते नुसतं काशीला न गेल्याचं नव्हतं. काशीचं एवढं काय, आज नाही गेला, उद्या जाईल. त्याला सांगायचं होतं ते बुधवारचं.

बेटावरचा तो तिसरा की चौथा दिवस. बुधवार होता एवढं नक्की. सकाळी ओहोटी होती. पाणी इतकं लांब गेलं होतं की कालचा समुद्र आज खडकाचं माळरान झालेला, मध्ये मध्ये डबकी, आणि डबक्यांत निळे, पिवळे, पट्टेवाले मासे अडकून बसलेले. तो चपला हातात घेऊन चालत गेला. एका डबक्याशी उकिडवा बसला आणि मासे बघत राहिला. किती वेळ, कोण जाणे. मग पाणी यायला लागलं. कुणी चावी फिरवली नव्हती, कुठं हिसका नाही, हवेचा फुसकारा नाही. घोट्याला लागलं, पोटरीला लागलं, आणि ती डबकी एकेक करून समुद्राला मिळाली. तो उभाच राहिला. कोमट पाणी. गुडघ्यापर्यंत आलं, कमरेपर्यंत आलं, छातीशी आल्यावर तो मागं सरकला, मग पुन्हा पुढं गेला. पोहायला त्याला येत नाही. दुपारी त्यानं किनाऱ्यावरच्या झाडाखाली केळी खाल्ली आणि तोंड उघडं टाकून झोपला. उठून भाड्याची सायकल घेतली आणि उतारावर पॅडल न मारता हात सोडून बघितले, आणि पडला, आणि पडल्या पडल्या एकटाच हसला. समोरच्या बागेतला माणूस धावत आला, त्यालाही हसू आलं. संध्याकाळी लॉजच्या मागं त्याच्या वाटची गोड्या पाण्याची एक बादली ठेवलेली होती. त्यातलं तांब्याभर घेऊन तो पायावरची रेती धुवायला बसला, आणि मग त्याच्या ध्यानात आलं, की सकाळपासून शालनची आठवण आलेली नाही.

आधी त्याला ते पटलं नाही. त्यानं दिवस परत सुरुवातीपासून चाचपला. डबकं, मासे, केळी, सायकल. कुठंही ती नव्हती. दोन वर्षांत असा दिवस गेला नव्हता. आठवण म्हणजे रडणं असं नाही, तर ती असायचीच, दाराआड टांगलेल्या छत्रीसारखी. तो घाबरला. एखादा व्हॉल्व उघडाच ठेवून घरी येऊन जेवायला बसलो आणि गावाचं सगळं पाणी वाहून गेलं, तसं त्याला झालं. आणि त्या घाबरण्याच्या खाली, आणखी खोल, तो दिवस तसाच शाबूत होता, कोमट, आणि त्याला तो फार आवडला होता. लाज वाटली ती ह्याची. तिच्यावाचून आपल्याला बरं वाटू शकतं. तिच्या नावाचं काही वाईट न वाटता, उलट तिच्यापासून सुटी मिळाल्यासारखं. हे कुणाला तरी सांगायला पाहिजे, नाहीतर तो दिवस आपल्या आत सडेल, असं त्याला तिथंच त्या बादलीपाशी वाटलं. आणि इथं तर त्याच दिवसांच्या नावानं मावंदं घालायला निघाले होते.

शुक्रवारी अंकितानं पिशवी उपसून कपडे धुवायला काढले. विजारीच्या दुमडीतून रेती सांडली. "काशीत वाळू लई दिसते, मामा," ती म्हणाली. "हाय," तो म्हणाला. मग तिनं पिशवी उलटी करून झटकली आणि विचारलं, "गडू कुठाय?" गंगेच्या पाण्यानं भरलेला, तोंडाला कथलाचा डाक लावून बंद केलेला तांब्याचा गडू, त्याची पूजा, त्याची मिरवणूक, त्यातलं तीर्थ. गडूशिवाय मावंदं म्हणजे नवऱ्याशिवाय वरात. "ठेवलाय एकाकडं," महिपती म्हणाला, आणि हे मात्र सरळसरळ खोटं होतं. शनिवारी सकाळी तो मधल्या मारुतीच्या बाजारात गेला. पूजासाहित्याच्या दुकानात फळीवर गडूच गडू, ओळीनं, लहानमोठे. "मावंद्याला का?" दुकानदारानं विचारलं. महिपतीनं मान हलवली. "बरं केलं. काशीला जाऊन आलेली मान्सं बी हितनंच नेत्यात. तितं गर्दीत कोन भरत बसतंय, काका?" "पानी खरं असतंय का पन?" "आता पानी म्हनल्यावर," दुकानदार म्हणाला, "खरंच असनार की." एकतीस वर्षं पाण्यात काढलेल्या माणसानं पैसे मोजून दिले. गडू थैलीत घालून तो चालतच घरी आला.

बजाबाई मागच्या दारी पाटावर बसून उद्याच्या वांग्यांचे देठ काढत होती. त्यानं थैली तिच्यापुढं ठेवली. तिनं आत डोकावून बघितलं, दुकानाची चिठ्ठी गडूला चिकटलेली होती ती नखानं खरवडून काढली आणि पुन्हा वांगं हातात घेतलं. अंकिता शाळेत आरोहीला आणायला गेली होती. आरोही ही नात. घरात दुसरं कुणी नव्हतं.

"आक्का, मी काशीला गेलो न्हवतो."

"ठाव हाय."

"कसं?"

"काशीची गाडी कुर्डुवाडीकडनं येती. तुजी उलट्या अंगानं, होटगीकडनं आली. माजा जलम मोडनिंबात गेलाय. मला रूळ शिकवतूस व्हय?"

त्याला एकदम उघडं पडल्यासारखं झालं. तीन दिवस ही बाई सगळ्यांना सांगत होती की माझ्या भावानं काशी केली. "मग पाया कशाला पडलीस?" त्यानं विचारलं. बजाबाईचा हात थांबला. ती त्याच्याकडं न बघता बोलली. "पाच दिस तुजा फोन लागंना. अभिमन्यू म्हनायचा, रेंज नसंल, आत्या. मी म्हनलं, आसंल. पन मला वाटलं, गेला ह्यो. गंगेत गेला. शालनच्या मागं गेला. येकटा, येक पिशवी घिऊन, कुनाला संगं नगं म्हनला, तवाच मला कळायला पायजे हुतं. तू गाडीतनं उतारलास. मला कुनाच्या तरी पाया पडायचंच हुतं." तिनं देठ मोडला. आपल्याविषयी कुणी इतकं भ्यालं असेल हे महिपतीच्या गावीही नव्हतं. आता सांगावं, सगळंच सांगावं, बेट, डबकं, बुधवार, म्हणून त्यानं तोंड उघडलं. "आक्का, मी तितं—" "नगं," ती म्हणाली. "मला सांगू नगंस. उद्याच्याला चाळीस मान्सं जेवनार हायती. मी काय त्यांच्यापुढं दोन तोंडांनी बोलू? मला ठाव न्हाय ते बरं." मग थोड्या वेळानं, "आन् वांगं खाऊ नगंस. तोंडातनं गेलं ते गेलं."

म्हणजे आता लपवण्याचंही ओझं राहिलं नाही. बहिणीला माहीत होतं, दुकानदाराला माहीत होतं, आणि कुणाचं काही अडलेलं नव्हतं. महिपतीला हायसं वाटायला हवं होतं. पण झालं उलटंच. काशी खोटी असली तरी चालते म्हटल्यावर त्याचं बेटही कुठं उरत नव्हतं. ते कुणी विचारणार नव्हतं, कुणी ऐकणार नव्हतं. पाच दिवस तो काशीतही नव्हता आणि दुसरीकडंही कुठं नव्हता. दाढी करताना आरशात त्याचा चेहरा उन्हानं रापलेला दिसला, नाकाचं कातडं सोललेलं. पाहुण्यांतल्या एकानं ते बघून काशीचं ऊनच तसलं असतं असं सगळ्यांना समजावून सांगितलं.

रविवारी सकाळी मारुतीच्या देवळापासून हलगी लावून गडू घरी आणला. बजाबाईनं तो डोक्यावर घेतला होता. गडू वाटेत जड होतो म्हणतात; खरंच झाला की काय, ती दोनदा थांबली आणि तिच्या पायांवर बायांनी घागरीनं पाणी ओतलं. महिपती पुढं चालत होता. त्याला सगळं लांबून दिसत होतं, एखाद्या अनोळखी माणसाच्या मावंद्याला आल्यासारखं. नाकात गुलाल गेला म्हणून तो शिंकला. पूजेला अभिमन्यू आणि अंकिता जोडीनं बसली. डाक फोडला, गडूचं तोंड उघडलं, आणि बजाबाई गर्दीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ह्या काशीचं समदं पुन्य माज्या भावजयीला. शालनला. सोड पानी, महिपती." बाया डोळ्यांना पदर लावायला लागल्या. अभिमन्यूचा चेहरा लहानपणी रडण्याआधी व्हायचा तसा झाला. महिपतीनं पळीभर पाणी घेतलं. शालनच्या नावानं. ज्या दिवशी ती मनात सुद्धा आली नाही त्या दिवसाचं पुण्य तिच्या नावानं. त्यानं पाणी ताम्हनात सोडलं. मग माणसं रांगेनं आली, तळवा पुढं करून तीर्थ घेतलं, डोक्याला हात पुसले आणि मांडवाकडं गेली. पहिली पंगत बसली. पानावर पुरणपोळी, कटाची आमटी, भरली वांगी.

दुसरी पंगत बसत असताना त्यानं एका छोट्या बाटलीत गडूतलं पाणी भरलं आणि समोरच्या घरात गेला. पार्वतम्माची सून पंगतीला गेली होती. माग सुटीमुळं बंद होते. म्हातारी जागी होती, जेवणाच्या वासाकडं तोंड करून पडलेली. तो तिच्या खाटेजवळ खाली बसला. बाटली पुढं केली, आणि ती घ्यायला तिनं हात उचलायच्या आत तो म्हणाला, "अम्मा, ही गंगा दुकानातली हाय."

"दुकानात कुठून येते?"

"गंगेतनंच येत आसंल."

"मग झालं की."

"मी काशीला गेलो न्हवतो. समुद्रात एक बेट हाय, तितं गेलतो. येकटाच." आणि एकदा सुटल्यावर त्याला थांबता येईना. जन्मात जितकं बोलला नसेल तितकं तो त्या खाटेपाशी बोलला. डबक्यातले मासे सांगितले, आपोआप चढणारं पाणी सांगितलं, सायकलवरून पडलो ते सांगितलं. "बुधवारी मला शालनची आठवन आली न्हाय, अम्मा. सकाळपास्नं दिवा लागंपतुर. येकदा बी न्हाय. आन् मला लई बरं वाटलं. आता तिच्या नावानं पानी सोडून आलो." बोलून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण भिंतीकडं बघत होतो. पार्वतम्मा डोळे मिटून होती. ऐकलं की नाही कळेना. बाहेरून वाढपे आमटी, आमटी म्हणून ओरडत होते.

"तुझ्या दाराला मी बाहेरून कडी घालत होते," ती म्हणाली.

"कवा?"

"मंगळवारी. तू दुपारच्या ड्युटीला गेला, पोरगा शाळेत गेला, की शालन हाक मारायची. अम्मा, बाहेरून कडी घाल, दोन तासांनी येऊन काढ."

"कशाला?"

"घरात कुणी नाही असं दिसायला पाहिजे की. नाहीतर बसू देतात का? चावीवाल्याची बाई, पाणी कधी, पाणी कधी. सगळी गल्ली दारात."

मग महिपतीनं विचारलं, "आत काय करायची?"

"मी कशाला विचारू? एकदा खिडकीतून बघितलं. फरशीवर बसली होती, पाय पसरून. हातात काय नाही. हसत होती."

"कशाला हसत हुती?"

"मला काय माहीत? एकटीच हसत होती." म्हातारीला दम लागला, ती थांबली. "पोरगा पहिलीत गेला तेव्हापासून. तुझी सून आली तोपर्यंत. कधी चुकली नाही बघ. पंढरीला चुकेल माणूस, पण शालनचा मंगळवार नाही."

"माज्याबद्दल काय बोलायची का? कडी काढल्यावर?"

"तुझ्याबद्दल?" पार्वतम्मानं डोळे उघडून त्याच्याकडं बघितलं, खरंच आठवून बघितलं. "नाही. चहा टाक म्हणायची." मग तिनं बाटली चाचपली, उशाखाली सरकवली, आणि कूस वळवून भिंतीकडं तोंड केलं.

तो तिथंच बसून राहिला. अभिमन्यू पहिलीत गेल्यापासून त्याच्या लग्नापर्यंत म्हणजे वीसेक वर्षं. वर्षाचे पन्नास मंगळवार. त्या दोन दोन तासांत तो कुठल्या तरी चेंबरवर वाकलेला होता, आणि त्याच्या घरात, बाहेरून कडी घातलेल्या त्याच्या घरात, त्याची बायको पाय पसरून हसत होती. कशाला हसत होती? कुठल्या भिंतीला टेकून? संध्याकाळी तो आला की ती नेहमीसारखी असायची. भाकरी, आमटी, पाय धुवायला तांब्या. तिनं एका शब्दानं सांगितलं नाही. शेजारणीला माहीत, ह्या म्हाताऱ्या तेलगिणीला माहीत, आणि नवऱ्याला नाही. तिला पाण्याची वेळ आपण किती वर्षं सांगितली नाही, हे त्या घटकेला त्याच्या डोक्यात कुठंच नव्हतं. त्याला राग आला. दोन वर्षांत तिच्याविषयी त्याला वाईट वाटलं होतं, अपराधी वाटलं होतं, कणव आली होती, पण राग आलेला नव्हता. मेलेल्या माणसाचा कोण राग धरतं? आता मात्र त्याची कानशिलं तापली. माझ्यापासून लपवून काय बसायचं होतं एवढं? मी काय खाल्लं असतं तिला? हे आजच्या आज विचारलं पाहिजे. चाळीस माणसं असली तर असली. घरी जाऊन आधी तिला विचारतो, असं मनाशी धरून तो उठला, पायात चपला सरकवल्या, गल्ली ओलांडली, मांडवातून वाट काढत दारापर्यंत आला, आणि उंबऱ्यावर पाय ठेवल्यावर त्याच्या ध्यानात आलं की विचारायला शालन घरात नाही. तेव्हा तो दाराची चौकट धरून मोठ्यानं रडायला लागला, आणि पंगतीत बसलेल्या माणसांनी पानावर हात आडवे धरून वाढप्यांना थांबवलं.